बाहेरच्या चुलीचे मीठ

अकोल्याहून दर्यापूरकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी शहराचा निरोप घेतो, तिथल्या वस्तीत खुशालरावांचे तीन खोल्यांचे घर आहे. घरापुढे ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली तीन दगडांची एक चूल. घरात गॅस येऊन वीस वर्षे झाली, अंगणात फरशी बसली, कुंपणाच्या जागी भिंत आली. पण त्या तीन दगडांना कोणी हलवले नाही. या घरातले सामिष अन्न तिथेच शिजत असे. बकऱ्याचे असो वा कोंबडीचे, मांस उंबऱ्याच्या आत शिजत नसे. त्यासाठी शिजवण्याचा गंज वेगळा, उलथण्याचा सराटा वेगळा, ताटल्या वेगळ्या, आणि रांधणाराही वेगळा. आतल्या शेगडीवर पार्वताबाईंचे राज्य, बाहेरच्या चुलीवर खुशालरावांचे. लग्नाला तीस वर्षे होत आली, तरी दोघांनी एकमेकांच्या राज्यात पाऊल टाकले नव्हते.

खुशालरावांच्या हाताला चव होती, हे त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक होते. दर्यापूरजवळच्या त्यांच्या वावरात तूर निघाली की गड्यांना आणि पाहुण्यांना जेवण असे, आणि त्या दिवशी पंधरा किलो मटण ते एकट्याच्या देखरेखीखाली शिजवीत. मात्र या कर्माला ते स्वयंपाक म्हणत नसत. स्वयंपाक बायकांचा, हे आपले ‘बाहेरचे’.

त्या बाहेरच्या चुलीचा एक नियम होता आणि तो त्यांना वडिलांकडून मिळाला होता. लाकडे कोणीही सारावीत, कांदा कोणीही चिरावा, गंज कोणीही ढवळावा. परंतु मीठ एकाच हाताने पडले पाहिजे. ज्याने मीठ टाकले, त्याचे ते जेवण. उत्तम झाले तर यश त्याचे, बिघडले तर बोलणीही त्यानेच खायची. सागवानी लाकडाची, झाकण घासून गुळगुळीत झालेली मिठाची एक डबी त्या सामानात असे. वडिलांचे हात कापू लागले त्या वर्षी त्यांनी ती खुशालरावांच्या हाती दिली. त्याआधी वडिलांखेरीज आणि त्यानंतर खुशालरावांखेरीज त्या डबीत दुसऱ्या कोणाची बोटे गेली नव्हती.

असा हा मनुष्य आपल्या मुलावर रुसला होता, आणि तेही रांधण्यावरून.

पियुष कृषी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होता. बापाची इच्छा अशी की मुलाने शिकून यावे आणि काळ्या मातीत चार नव्या गोष्टी कराव्यात. मुलाचा फोन आला तो गोव्याहून. एका इटालियन म्हाताऱ्याच्या खानावळीत तो कामाला लागला होता, आणि परीक्षेला बसणार नव्हता. सहा महिन्यांनी तो घरी आला, तेव्हा सकाळी लवकर उठून त्याने सगळ्यांसाठी पोहे केले. खुशालरावांनी पहिला घास उचलला आणि विचारले, "कोनं केले हे पोहे?"

"म्या केले, बाबा."

घास बशीत परत गेला. "तुह्या हातचं मी खानार नाई. शेतकऱ्याचं पोट्टं हायेस तू, आचारी नाई."

त्या गोष्टीला चार वर्षे झाली. बापलेकांचे बोलणे बंद नव्हते. पाऊस, सोयाबीन, मोटारसायकलचा आवाज, क्रिकेट, सगळ्यावर बोलणे होई. फक्त पियुषच्या कामाचा विषय निघाला की खुशालराव समोर बसलेल्या मुलाशी दुसऱ्या कोणामार्फत बोलत. पियुष वर्षातून एकदा येई, तीन दिवस राही आणि आईच्या हातचे खाऊन जाई. पार्वताबाई दोघांना शेजारी बसवून वाढीत. दोघेही एकाच तऱ्हेने भाकरी मोडीत, एकाच तऱ्हेने पहिला घास डोळे मिटून चावीत. ते पाहताना त्या माउलीला आनंद व्हावा की रडू यावे, हे तिचे तिलाच कळत नसे.

यंदा तो माघ सरता सरता आला. निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बॅग आवरता आवरता आईला म्हणाला, "माय, उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी चाललो. जायच्या पयले एक डाव बाबासाठी करतो. उद्या बी नाई जेवले, तं पुन्हा या घरात मी सराटा हाती धरनार नाई. आत्ताच सांगून ठेवतो."

तो हे हसतच बोलला; पण बोलताना बॅगेची चेन त्याने तीनदा लावली आणि तीनदा उघडली, हे पार्वताबाईंनी पाहिले.

"काय करशीन?" त्यांनी विचारले.

पियुषने बॅगेतून एक पुडा काढला. आत लहान लहान शंखांसारखे, पिवळसर, टणक तुकडे होते. मग सुती कापडात गुंडाळलेला, बाहेरून मिऱ्याने काळा झालेला एक गोळा काढला. "हा पास्ता. याच्यात हरभऱ्याचे हिरवे सोले, वटाणा, पातीचा कांदा, पातीचा लसून टाकाचा. वसंतात तिकडं इटलीत घरोघरी होते हे. अन् हे मांस. मीठ-मिरं चोयून दीड मइना टांगून वायवलेलं."

"कशाचं व्हय?"

"डुकराचं."

"अरे बाप्पा!" पार्वताबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "दुनियेत दुसरं काई भेटलं नाई का रे तुले? पनीर कर. आलू कर. तुह्या बाबाले डुकराचं खाऊ घालतं?"

"माय, म्हाताऱ्यानं मले पयले चार मइने निरे भांडे घासाले लावले. मंग एक दिवस म्हने, कर काईतरी. म्या हेच केलं. याच्यावरच त्यानं मले चुलीपाशी उभं केलं. आता बाबाले पनीर खाऊ घालून काय सांगू? पनीर कराले घर सोडून गेलतो म्हनून?"

दारात उभी असलेली प्रणाली, पियुषची धाकटी बहीण, हे सगळे ऐकत होती. भावाने सोडलेल्या विद्यापीठात तीच आता शिकत होती, आणि त्या अधिकाराने भावाला बोलण्याची एकही संधी ती दवडत नसे. "दादा, बाबाचा मार खायचा असंन तं सीधा खाय ना. मधात त्या डुकराले काहून आनून राहिला?"

पियुषने बापापासून काही लपवले नाही. ओट्यावरच्या खाटेशी जाऊन काय करणार, कशाचे करणार, हे सरळ सांगितले. खुशालरावांनी वर्तमानपत्र खाली न करताच ऐकून घेतले, आणि मग मुलीला हाक मारली.

"प्रणाली, आचाऱ्याले सांग, मांस घरात शिजनार नाई. बकरं बाहेर, कोंबडं बाहेर, हे बी बाहेर."

"म्हंजे तुमी चूल देता का बाबा?"

"चूल कोनाच्या बापाची नाई."

"तुमचीच तं हाये! अन् तुमी त्याचे बाप हाये."

वर्तमानपत्र आणखी थोडे वर गेले. "अन् जेवसान का?" प्रणालीने लगेच विचारून घेतले.

"म्या जे म्हटलं ते म्हटलं," खुशालराव म्हणाले, आणि पान उलटले.

रविवारी सकाळी आठ वाजता बहीणभाऊ स्कूटरवरून वावराकडे गेले. उशिरा पेरलेल्या हरभऱ्याचा एक वाफा अजून हिरवा होता. त्याचे ताजे सोले, आणि बांधालगत लावलेली लसणाची पात आणायची होती. खुशालराव स्नानाला गेले. घरात पार्वताबाई एकट्या राहिल्या, आणि त्यांच्या समोर तो पुडा.

आजचे जेवण साधले पाहिजे, एवढा एकच विचार त्यांच्या मनात होता. मुलाला आयत्या वेळी धावपळ होऊ नये, म्हणून आपण काहीतरी करून ठेवावे असे त्यांना वाटले. त्यांनी पुडा फोडून एक शंख दाताखाली धरून पाहिला. हाडासारखा कठीण. पुड्यावर मागच्या वर्षाची तारीख होती. वर्षभराचा जुना, इतका टणक जिन्नस शिजणार कसा? मटकी असो, वाटाणा असो, काबुली चणा असो, वाळलेले धान्य भिजवल्यावाचून गंजात टाकणारी बाई वऱ्हाडात सापडायची नाही. पार्वताबाईंनी सगळे शंख पातेल्यात ओतले, वर कोमट पाणी घातले. हट्टी चण्याला घालतात तसा चिमूटभर सोडा घातला. झाकण ठेवून पातेले ओट्याच्या उन्हात नेऊन ठेवले आणि कृतार्थ मनाने त्या देवपूजेला बसल्या.

अकराच्या सुमारास स्कूटर आली. प्रणालीच्या मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा हिरवा भारा होता आणि पियुषच्या केसांत वावराची धूळ. पार्वताबाईंनी मोठ्या उत्साहाने दोघांना ओट्यावर बोलावले. "पाय, तुह्यं अर्धं काम करून ठेवलं!" असे म्हणत त्यांनी झाकण उचलले.

पातेल्यात शंख नव्हते. शंखांचे एकमेकांत विरलेले, फुगलेले, पांढरट असे एक सरोवर होते, आणि त्यात चमचा घातला तर तो उभा राहत होता.

"माय," प्रणाली हळूच म्हणाली, "हे तं लापशी झाली."

पियुषने चमच्याने थोडे उचलून पाहिले, परत सोडले आणि पायरीवर बसला. "हे उकयत्या पान्यात टाकाचं असते, माय. भिजवाचं नसते."

पार्वताबाईंच्या हातातले झाकण तसेच राहिले. चार वर्षांनी एक दिवस उगवला, आणि तो आपल्याच हाताने पाण्यात बुडवला, हे त्यांना उमगले. डोळे भरून आले. ते पाहताच पियुष उठला. "राहू दे वं माय, काई नाई बिघडलं," असे म्हणू लागला. पण बिघडले होते, हे तिघांनाही दिसत होते.

"मी आनतो," प्रणालीने स्कूटरची किल्ली उचलली. "कोपऱ्यावरच्या दुकानात मसाला पास्त्याचा पुडा भेटते. दोन मिन्टात होते तो."

"त्याले त्या मसाल्याचाच वास राहीन," पियुष म्हणाला. "अन् बाबाले वाटन, हे शिकाले गेलता पोट्टा."

पार्वताबाई वळल्या आणि आत गेल्या. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, माळ्यावर काहीतरी खडखडले, आणि त्या एक पत्र्याचा डबा कुशीत घेऊन बाहेर आल्या. मागच्या चैत्रात शेजारच्या चार बायांना बोलावून त्यांनी सरगुंडे केले होते. गव्हाच्या सोजीची घट्ट कणीक, तिच्या बारीक वळ्या, आणि त्या वळ्या पातळ काडीवर फिरकीने गुंडाळून सोडवून घ्यायच्या. आतून पोकळ, वरून वेढे पडलेले असे ते सरगुंडे सावलीत वाळवून ठेवायचे आणि अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिजवून आमरसात घालायचे. मागच्या वर्षीचे शेर-दीड शेर उरले होते.

"हे तरी उकयत्या पान्यातच टाकतो आमी," त्या म्हणाल्या. "याचं काई होत असंन तं पाय."

पियुषने एक सरगुंडा उचलला. प्रकाशासमोर धरला, आतल्या पोकळीतून आरपार पाहिले, आणि एकाएकी मोठ्याने हसू लागला.

"माय! म्हाताऱ्याची माय हेच करे! त्याच्याजोळ तिचा फोटो हाये. मांडीवर पाट, अन् हातात छत्रीची काडी. छत्रीच्या काडीवर गुंडाये ती. तू कशावर करतं?"

"तुह्या जुन्या सायकलची तार हाये ना चाकाची, तिच्यावर."

"चार वर्सं झाले मी दुसऱ्याच्या मायच्या सरगुंड्यायची तारीफ करून राहिलो, अन् माह्या घरी माळ्यावर डबा!"

पार्वताबाईंनी पदराने डोळे पुसले. "तिले बरं कोनी सांगितलं, भिजवाचं नाई म्हनून," त्या म्हणाल्या, आणि मग तिघेही हसले.

त्या पातेल्यातले सरोवरही वाया गेले नाही. अन्नाचा कण टाकणे पार्वताबाईंच्या धर्मात बसत नव्हते. पियुष भाज्या निवडत होता तेवढ्यात त्यांनी त्या लगद्यातले पाणी निथळले, त्यात जिरे, तिखट, मीठ आणि मूठभर ज्वारीचे पीठ कालवले, आणि छतावर प्लास्टिक पसरून त्याचे सांडगे घातले.

मग पियुषने बाहेरची चूल पेटवली. कोपऱ्यात रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, त्याने मोडून सारल्या आणि काडी लावली. पऱ्हाटीचा स्वभाव अधीर. ज्वाला एकदम गंजाच्या कानापर्यंत चढली. पियुषने मांसाचे बोटाएवढे लांबट तुकडे गंजात सोडले, तोच त्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या आणि चरबी मात्र जागची हलली नाही. गोव्यात बटन फिरवले की आच कमी होई. इथे फिरवायला काही नव्हते. त्याने फुंकर घातली, ती उलटी पडली. डोळ्यांत धूर गेला.

खाटेवरचे वर्तमानपत्र बराच वेळ एकाच पानावर होते. ओट्याच्या पायरीवर सोले सोलत बसलेल्या पार्वताबाईंना ते दिसत होते.

"प्रणाली, त्याले सांग, पऱ्हाट्या वढ," वर्तमानपत्र बोलले.

"दादा, पऱ्हाट्या वढ."

"बाभूळ लाव. एकच लाकूड."

"दादा, बाभूळ लाव. एकच लाकूड."

"तिकडून नाई, अलीकडून. हवा कोनीकडून येऊन राहिली, पायतं का नाई म्हनाव?"

"बाबा, तुमीच सांगा ना! मी का पोस्टमन हावो?"

खुशालरावांनी वर्तमानपत्राची घडी केली. चष्मा घडीत ठेवला. अंगण ओलांडून ते चुलीशी आले, उकिडवे बसले आणि कामाला लागले. पेटत्या पऱ्हाट्या त्यांनी बाहेर ओढून पाण्याने विझवल्या, बाभळीचे एक जाड लाकूड वाऱ्याच्या अंगाने आत सारले, निखारे चिमट्याने एका बाजूला ओढले आणि गंज त्या निखाऱ्यांवर किंचित कलता ठेवला. जाळ खाली बसला. चुलीने जणू ओळखीचा हात ओळखला. मग त्यांनी मान वर केली आणि समोरच्या मुलाकडे पाहून विचारले, "किती आच पाह्यजे?"

पार्वताबाईंच्या हातातला हरभऱ्याचा घाटा तसाच राहिला. चार वर्षांत रांधण्याविषयी बापाने मुलाला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"मंद," पियुष म्हणाला. "चरबी आपल्या मनानं सुटली पाह्यजे. पयले काचेसारखी दिसन, मंग सोनेरी."

"बकऱ्याच्या चरबीचं तसंच असते."

"तसंच, बाबा."

दोघे गंजावर वाकले. हळूहळू तुकड्यांच्या कडा पारदर्शक झाल्या, तळाशी तुपासारखी चकचकीत चरबी जमू लागली आणि मिरे, धूर, मीठ यांचा मिळून एक गंभीर, भूक जागवणारा सुगंध निंबाखाली पसरला. खुशालरावांनी तो नाकात भरून घेतला. "माह्या आज्यानं रानडुक्कर आनलं व्हतं एकदा. जुन्या जमान्यात. मी चार-पाच वर्साचा असंन. तवा असाच वास आलता." एवढे बोलून ते थांबले, आपण फार बोललो असे त्यांना वाटले असावे.

आत गॅसवर पार्वताबाईंनी आधणात सरगुंडे सोडले होते. त्यांच्यासाठी, त्या मांस खात नसत म्हणून, पियुषने घरातल्या कढईत आधीच तुपावर मूठभर सरगुंडे आणि भाज्या निराळ्या शिजवून झाकून ठेवल्या होत्या. आपल्या कामात सर्वांत आधी त्याने आईचे पान काढले, ही गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली. सरगुंडे शिजले. ते निथळून, पाणी वेगळे ठेवून, त्या पातेली घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. "आन ना वं," खुशालराव म्हणाले, "तितूनच फेकून देशीन का आता?" तेव्हा त्या पायऱ्या उतरल्या आणि तीस वर्षांत प्रथमच बाहेरच्या चुलीशी जाऊन उभ्या राहिल्या.

गंजात कांद्याच्या पातीचा पांढरा भाग पडला, पातीचा लसूण पडला, मग हिरवे सोले आणि वाटाणे. त्यांचा रंग क्षणात उजळला. सरगुंड्यांचे पाणी एक डाव घातले, ते खदखदले. वर सरगुंडे पडले आणि त्यांच्या वेढ्यांत तो रस शिरू लागला. पियुष सराट्याने हलक्या हाताने उलथत होता. सगळे जमत आले होते, आणि अशा क्षणी खुशालरावांचा उजवा हात चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप सागवानी डबीकडे गेला. झाकण उघडले. चिमूट भरली. हात गंजावर आला.

पियुषने तो हात मनगटापाशी धरला.

"बाबा, थांबा."

प्रणालीचे तोंड उघडे राहिले. त्या चुलीपाशी खुशालरावांचा मिठाचा हात कोणी धरावा, असे कधी घडले नव्हते. पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा मनुष्य उठेल, चष्मा लावेल, वर्तमानपत्र उघडेल, आणि संध्याकाळची गाडी पोराला कायमचे घेऊन जाईल, असे त्यांना वाटले.

"मांसच दीड मइना मिठात मुरलेलं हाये," पियुष म्हणाला. त्याने हात सोडला नव्हता, पण आवाज अगदी मऊ केला होता. "त्याचं मीठ आता सुटून राहिलं. आपन वरून टाकलं तं खारट होऊन जाईन. पयले चाखा लागते."

खुशालरावांनी आपल्या चिमटीकडे पाहिले, गंजाकडे पाहिले, आणि मुलाच्या बोटांकडे. त्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. तसेच डाग त्यांच्या स्वतःच्या बोटांवर होते. चिमूट त्यांनी डबीत परत सोडली.

"मंग किती?"

"चाखून सांगतो." पियुषने एक सोला आणि सरगुंड्याचा एक तुकडा जिभेवर घेतला, आणि डोळे मिटले. "अर्धी चिमटी. सरगुंड्यायपुरती."

खुशालरावांनी ती अर्धी चिमटी स्वतः उचलली नाही. डबी मुलापुढे धरली.

"टाक."

पियुषने बापाकडे पाहिले. मग त्या डबीत बोटे घातली. मीठ गंजात पडले, वर कांद्याची हिरवी पात आणि पियुषने आणलेले खारे, किसलेले चीज पडले. सराटा एकदा फिरला आणि गंज खाली उतरला.

निंबाखाली चटई अंथरली गेली. पार्वताबाई आपले ताट घेऊन थोड्या अंतरावर, ओट्याच्या पायरीवर बसल्या. पियुषने बापापुढे ताटली ठेवली, आणि स्वतः उभाच राहिला. खुशालराव ताटलीकडे पाहत बसले. ते प्रणालीला सोसवेना.

"बाबा, हे तं दादाच्या हातचं नाईच," ती घाईघाईने म्हणाली. "सरगुंडे मायचे, आच तुमची, सोले म्या तोडले. दादानं काय केलं? निरा सराटा फिरवला. तुमी खाऊन घ्या. तुमचा शब्द बी राहिला."

वाट मोठी सोयीची होती. खुशालरावांनी ती धरावी, म्हणून पार्वताबाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण मुलगा जेवढा सरळ होता, तेवढाच बापही सरळ होता.

"मीठ कोनं टाकलं?" खुशालरावांनी विचारले.

प्रणालीने भावाकडे पाहिले. "दादानं."

"मंग जेवन त्याचं." त्यांनी मान वर करून पियुषकडे पाहिले. "म्या म्हटलं व्हतं, तुह्या हातचं खानार नाई."

"व्हय, बाबा."

"म्हटलं व्हतं. आता खाऊन राहिलो."

आणि त्यांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. जबडा सावकाश हलत राहिला. निंबावर एक साळुंकी बोलत होती, चुलीत बाभूळ तडकत होती, आणि पायरीवर एक स्त्री स्वतःचे जेवण विसरून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे उघडले.

"मिरची नाई याच्यात."

"मिरे हायेत, बाबा."

"मिरे म्हंजे मिरची नाई." त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, त्यानंतर मोजायची गरज राहिली नाही. ताटली रिकामी करून ती त्यांनी मुलासमोर धरली. "वाढ. अन् तू काहून उभा हायेस? बस."

पियुष बापाशेजारी मांडी घालून बसला. दोघांनी एकाच तऱ्हेने घास उचलला. पार्वताबाईंना आपल्या ताटाची आठवण झाली तोवर त्यातले अन्न निवून गेले होते. तरी तसे गोड जेवण आपण पूर्वी केल्याचे त्यांना स्मरेना.

चार वाजता ऑटो आला. पियुषने आईच्या पाया पडून डोके तिच्या खांद्यावर टेकवले. तिने सरगुंड्यांचा उरलेला डबा त्याच्या बॅगेत कोंबला, म्हाताऱ्यासाठी. खुशालराव फाटकापर्यंत आले. मुलगा वाकला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही वेळ तो तसाच राहू दिला.

"अखजीले येजो," ते म्हणाले.

"सुट्टी भेटते का पायतो, बाबा."

"पायतो नाई. तुह्या मायनं छतावर काय सांडगे टाकून ठेवले तुह्या त्या शंखायचे, ते कोन तळन? मले तं समजत नाई त्यातलं." त्यांनी ऑटोवाल्याला निघण्याची खूण केली, आणि ऑटो हलल्यावर मागून मोठ्याने सांगितले, "आचारी तू हायेस!"

ऑटो रस्त्याला लागला. वस्तीतले दोन-तीन शेजारी ओट्यांवरून वळून पाहू लागले. ‘काय झालं, खुशालराव?’ असे कोणी विचारायच्या आत खुशालराव आत वळले, आणि प्रणालीला म्हणाले, "काठी आन वं एक. छतावर कावळे बसून राहिले."

पार्वताबाई त्यांच्या आधीच जिना चढल्या होत्या. उन्हे उतरली होती. प्लास्टिकवरचे सांडगे वरून घट्ट झाले होते आणि खालून अजून ओले होते. त्या खाली बसल्या आणि एकेक सांडगा उचलून उलटा करू लागल्या.